आकड्यामागचे गाव : वैद्यकातले संदर्भ आणि आपण

मराठीच्या प्राध्यापकाने वैद्यकीय शोधनिबंधांच्या संदर्भसूचीविषयी लिहावे, हा काहींना आगंतुकपणा वाटण्याची शक्यता आहे. परंतु ज्या मुळशी तालुक्यात मी शिकवतो, तिथे हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. लवळ्याच्या टेकडीवर २०२० साली महिलांसाठीचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २०२२ पासून देशभरच्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना खेड्यातली काही कुटुंबे 'दत्तक' घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावाही करावा लागतो. म्हणजे आपल्याकडचा होणारा डॉक्टर विद्यार्थिदशेतच गावात जातो, ऐकतो मराठी आणि लिहितो इंग्रजी. या दोहोंच्या मधल्या पुलावर कुठेतरी संदर्भसूची उभी असते. मराठी पुस्तकाचा संदर्भ इंग्रजी निबंधात कसा द्यायचा, सुईणीने सांगितलेली गोष्ट कुठे नोंदवायची, असे प्रश्न मग कधी कधी आमच्यासारख्यांपर्यंत येऊन पोचतात. आणि आम्ही, ज्यांनी आयुष्यभर संदर्भांवरच गुजराण केली, ते गडबडून जातो.

वैद्यकातल्या संदर्भपद्धतीला 'व्हँकुव्हर शैली' म्हणतात. १९७८ च्या जानेवारीत काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हर या शहरी जमले. प्रत्येक नियतकालिकाची तऱ्हा निराळी, आणि एकाने लेख नाकारला की दुसऱ्यासाठी तो पहिल्यापासून टंकलिखित करायचा, हा छळ संपावा एवढाच त्यांचा माफक हेतू होता. १९७९ साली त्यांचे नियम छापले गेले आणि पुढे याच मंडळातून वैद्यकीय संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली. नियम साधे आहेत. मजकुरात जो स्रोत प्रथम येईल त्याला क्रमांक एक, नंतरच्याला दोन. तोच स्रोत पुन्हा आला तर पुन्हा तोच आकडा. शेवटच्या यादीत आडनाव आधी, मग टिंब न देता आद्याक्षरे, मग शीर्षक, नियतकालिकाचे ठरीव संक्षिप्त नाव, वर्ष, खंड, पृष्ठे. सहापर्यंत लेखकांची नावे द्यायची, पुढचे 'आणि इतर'.

साहित्याच्या माणसाला या पद्धतीत प्रथम खुपतो तो आकडा. निबंध वाचताना नाव दिसतच नाही. वाक्याच्या शेवटी, डोक्यावर चढून बसलेला एक बारीक सात किंवा बारा दिसतो. आपल्याकडे नावावाचून पान हलत नाही. 'मर्ढेकरांनी म्हटल्याप्रमाणे' असे लिहिले की पुढच्या विधानाला आपोआप वजन येते, आणि बहुतेक वेळा वाद तिथेच मिटतो. वैद्यकाने हे वजन काढून घेतले. सातव्या क्रमांकावर नोबेलविजेता आहे की तालुक्याच्या गावचा नवखा डॉक्टर, हे वाक्य वाचताना कळत नाही. ते शोधायचे तर यादीकडे जावे लागते, आणि यादीकडे गेल्यावर मूळ निबंधाकडे. विधान कोणी केले यापेक्षा ते कशाच्या आधारावर केले, हे तपासण्याची सोय या रचनेत आहे. मला ही रचना शुष्क वाटत नाही. उलट, आपल्या समीक्षेला आज जर कशाची गरज असेल तर ती थोड्या अशा अनामिकतेची आहे.

आपले शोधप्रबंध उघडून पाहावेत. प्रकरणाच्या शेवटी तळटिपांची रांग असते : एक मूळ ग्रंथ, त्याखाली 'तत्रैव', 'तत्रैव', 'तत्रैव', मग 'उपरोक्त', पुन्हा 'तत्रैव'. मध्ये कुठे एक टीप घातली वा गाळली की खालची सगळी तत्रैवे भलत्याच ग्रंथाला चिकटतात, आणि मार्गदर्शकापासून परीक्षकापर्यंत कोणाच्या ते लक्षात येत नाही, कारण कोणी मागे जाऊन पाहतच नाही. ग्रंथाची आवृत्ती लिहायचा आळस तर आपल्या अंगवळणी पडला आहे. तुकोबांच्या अभंगाचा नुसता क्रमांक द्यायचा, पण गाथा कोणती ते सांगायचे नाही. वेगवेगळ्या गाथांत एकाच अभंगाचे क्रमांक निरनिराळे असतात हे आपणच वर्गात शिकवतो. औषधाच्या मात्रेविषयी कोणी असा संदर्भ दिला असता तर?

शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' याच भाषेत झाली, हेही विसरता येत नाही. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची त्यांची सूची १९४३ साली आली, आणि पुढच्या तेरा वर्षांची १९६१ साली. अमेरिकन सैन्यातले शल्यचिकित्सक जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली जगभरच्या वैद्यकीय लेखनाची मासिक सूची सुरू केली होती. आजचे पबमेड हे तिचेच वंशज. बिलिंग्ज यांच्या कामाला मागाहून एक राष्ट्रीय ग्रंथालय लाभले. दात्यांच्या कामाला तसे बळ आपण दिले नाही, आणि म्हणून दिवाळी अंकातला चांगला लेख दहा वर्षांनी शोधायचा तर अजूनही रद्दीच्या दुकानावर आणि एखाद्या जुन्या ग्रंथपालाच्या स्मरणशक्तीवर भिस्त ठेवावी लागते.

असो. वैद्यकाची स्तुती करताना एक गोष्ट दडवून चालणार नाही. आकडा तपासण्याची वाट दाखवतो, पण त्या वाटेने कोणी चाललेच नाही तर काय होते, याचे उदाहरण वैद्यकातच घडले आहे, आणि ते भयंकर आहे. १९८० च्या जानेवारीत 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पोर्टर आणि जिक या दोघांचे एक पत्र छापले गेले. एकच परिच्छेद, पाच वाक्ये. रुग्णालयात दाखल असलेल्या ज्या ११,८८२ रुग्णांना अफूजन्य वेदनाशामके दिली गेली, त्यांपैकी व्यसनाचा पूर्वेतिहास नसलेल्या केवळ चौघांमध्ये व्यसन नोंदले गेले, एवढेच त्यात सांगितले होते. हे रुग्ण रुग्णालयात होते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते; घरी नेऊन महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी पत्रात काहीही नव्हते. परंतु पुढच्या काळात, विशेषतः नव्वदीनंतर, हे पत्र 'या औषधांचे व्यसन क्वचितच लागते' याचा पुरावा म्हणून निबंधामागून निबंधात उद्धृत होत राहिले. २०१७ साली कॅनडातल्या संशोधकांनी त्याच नियतकालिकात हिशेब मांडला : पत्राचा संदर्भ देणारी ६०८ लेखने, त्यांपैकी ७२ टक्क्यांहून अधिक लेखनांनी ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरले, आणि सुमारे ८१ टक्के लेखनांनी ते रुग्ण रुग्णालयातले होते हे सांगितलेच नाही. दरम्यान उत्तर अमेरिकेत या वेदनाशामकांच्या व्यसनाने माणसे मरत होती. त्या साथीला इतर अनेक कारणे होती, औषध कंपन्यांचा प्रचार हे त्यांतले मोठे. तरीही पाच वाक्ये वाचायला किती वेळ लागतो? त्या संदर्भसूच्यांत स्वल्पविराम बिनचूक असतील, आद्याक्षरांत टिंबे नसतील. नियम पाळले गेले होते. मूळ पान तेवढे उघडले गेले नव्हते.

इथे आपल्या परंपरेतली एक चांगली सवय नोंदवली पाहिजे. आपण पृष्ठक्रमांक देतो. व्हँकुव्हर शैलीत निबंधाची पहिल्यापासून शेवटपर्यंतची पृष्ठे येतात, नेमके कोणत्या पानावर काय म्हटले आहे ते येत नाही. साठ पानांच्या अहवालाकडे बोट दाखवून 'यात आहे' म्हणणे आणि 'पृष्ठ ३७, दुसरा परिच्छेद' म्हणणे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात लेखकाला निदान ते पान उघडावे लागते. आता तर ही अट अधिकच हवी आहे, कारण संगणकाकडून लिहवून घेण्याचे दिवस आले आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत चॅटजीपीटीने वैद्यकीय विषयांवरच्या मजकुरासाठी दिलेले ११५ संदर्भ पडताळले गेले. ४७ टक्के सपशेल बनावट निघाले, ४६ टक्के खऱ्या निबंधांचे पण चुकीच्या तपशिलांचे होते, आणि सर्वार्थाने बरोबर फक्त ७ टक्के. बनावट संदर्भांचे रूप मात्र निर्दोष असते. आडनाव, आद्याक्षरे, खंड, पृष्ठे, सगळे जागच्या जागी. नुसत्या मांडणीवर गुण देणाऱ्या परीक्षकाने यापुढे सावध राहावे हे बरे.

आता आपल्या माणसांची नावे या साच्यात कशी बसतात ते पाहू. मराठी नाव तीन पदरी : स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे, आणि आडनाव. पुरुषाचे मधले अक्षर जन्मभर टिकते. बाईचे लग्नानंतर बहुधा बदलते, आणि आडनावही. डॉ. राणी बंग यांचे उदाहरण घ्या. लग्नापूर्वीच्या त्या राणी चारी. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये गडचिरोलीतल्या ग्रामीण स्त्रियांच्या स्त्रीरोगांविषयीचा जो निबंध आला, त्याच्या पहिल्या लेखिका त्या. तिथे त्यांचे नाव 'बंग आर ए' असे येते. यातला 'ए' अभय यांचा. १९९९ साली त्याच नियतकालिकात घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याविषयीचा प्रसिद्ध निबंध आला, त्याचे पहिले लेखक डॉ. अभय बंग, म्हणजे 'बंग ए टी'. मजकुरात लेखकाचे नाव आणि साल देण्याच्या पद्धतीने लिहिले तर दोन्ही ठिकाणी 'बंग व इतर' एवढेच उरते, आणि वाचक, विशेषतः मराठी वाचक, दोन्ही वेळा डॉक्टरसाहेबच समजतो. सूचीतले एक अक्षर बारकाईने वाचले नाही तर पहिल्या निबंधाची पहिली लेखिका अदृश्य होते. २०१२ पासून संशोधकाला सोळा अंकी ओळख-क्रमांक देण्याची ऑर्किड नावाची सोय निघाली आहे. नाव बदलले तरी क्रमांक तोच राहतो. सोय चांगली आहे, पण ती निघण्यापूर्वी ज्यांनी लिहिले त्यांचे काय?

आनंदीबाईंचेच पाहा ना. माहेरच्या यमुना, सासरच्या आनंदी, आणि अमेरिकेत आपले आडनाव शेवटी दोन 'ई' लावून लिहिणाऱ्या. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाला त्यांनी हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावरचा प्रबंध सादर केला. 'जोशी' या नेहमीच्या रोमन वर्णलेखनाने शोधणाऱ्याला तो सापडेलच असे नाही. त्याहून मोठी गंमत, गंमत कसली, खंत म्हणा, अशी की आपल्याकडे आनंदीबाईंवर लिहिणारे विद्यार्थी आधार म्हणून श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी देतात. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ साली लिहिलेले चरित्र आहे, प्रबंध फिलाडेल्फियात जपून ठेवलेला आहे, तरी कादंबरीतले संवाद इतिहास म्हणून उद्धृत होतात. कादंबरीचा संदर्भ कादंबरी म्हणून द्यावा, एवढे तरी मराठीच्या वर्गात शिकवले गेले पाहिजे. आणि रखमाबाई? १८९४ साली ब्रुसेल्सची पदवी घेऊन आलेल्या या डॉक्टर ना वडिलांच्या ना नवऱ्याच्या आडनावाने ओळखल्या जातात. आडनाव आधी मागणाऱ्या साच्यात त्यांचे एकुलते एक नाव ताठपणे उभे राहते.

मराठी ग्रंथाचा प्रश्न याहून अवघड आहे. वैद्यकाच्या नियमांप्रमाणे इंग्रजीखेरीज अन्य भाषेतल्या पुस्तकाचे शीर्षक रोमन लिपीत लिहावे, जमल्यास चौकोनी कंसात त्याचे इंग्रजी भाषांतर द्यावे, आणि नोंदीच्या शेवटी भाषेचे नाव लिहावे. महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंविषयीचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल २००१ साली मराठीत निघाला. शासनाला हलवणाऱ्या या अहवालाचे शीर्षकच अर्धे काम करून गेले. चौकोनी कंसात शिरताना या दोन शब्दांचे काय होईल? कोवळी पाने गळण्याची क्रिया असे काहीतरी वनस्पतिशास्त्रीय. वाचकाला वाटेल, हा झाडांच्या रोगावरचा अहवाल आहे. भाषांतर कसे करावे याचा सल्ला वैद्यकाच्या नियमपुस्तकात नसतो. तो आपण द्यायचा असतो. विद्यार्थ्याला मी सांगेन की रोमन लिपीतले मूळ नाव कधीही गाळू नको, कंसात उपमेसोबत विषयही सुचव, आणि शेवटचा 'मराठी' हा शब्द लिहायला लाजू नको. त्या एका शब्दाने जगातल्या वाचकाला कळते की हे ज्ञान प्रथम या भाषेत मांडले गेले.

स्रोताची भाषा गळते तसे गावही गळते. १९८९ च्या त्या निबंधात दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी होती आणि त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळला होता. निष्कर्ष हादरवणारा होता आणि ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याकडे पाहण्याची दृष्टी त्याने बदलली. पण निबंधाचे शीर्षकच 'ग्रामीण भारतीय स्त्रिया' असे सर्वव्यापी असल्यामुळे पुढे हा आकडा कोणी साऱ्या भारतावर लावू लागला तर त्याला अडवणार कोण? दोन गावे, जिल्हा गडचिरोली, इतके शब्द आकड्यासोबत प्रत्येक वेळी चालले पाहिजेत. मुळशीत लवासाचे डोंगर आहेत, हिंजवडीची संगणक-नगरी आहे आणि टाटांच्या धरणाने उठवलेल्या गावांचे वंशजही आहेत. हे तिन्ही एका तालुक्यात. इथल्या एका वाडीतल्या पाहणीवरून 'पुणे जिल्ह्यातील ग्रामीण स्त्रिया' असे कोणी लिहिले तर ते कोणाविषयी असेल?

शेवटी तो सुईणीचा प्रश्न, ज्याला माझ्या मते वैद्यकाकडे नीट उत्तर नाही. नियम असा की खासगी संभाषणाचा संदर्भ शक्यतो टाळावा. अगदी अपरिहार्य असेल तर सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख मजकुरातच कंसात द्यावी, आणि त्याची लेखी परवानगी व मजकूर बरोबर असल्याचा निर्वाळा घ्यावा. शेवटच्या यादीत त्याला जागा नाही. नियमामागचे कारण रास्त आहे, कारण असे संभाषण दुसऱ्या कोणाला तपासता येत नाही. पण परिणाम असा होतो की चाळीस वर्षे बाळंतपणे केलेल्या बाईचे ज्ञान 'स्थानिक समजुती' या सदरात जाते, आणि त्याच समजुतींवर दोन महिने राहून लिहिणाऱ्याचे नाव सूचीत येते. इथे एक गल्लत नेहमी होते. रुग्णाचे नाव झाकणे हा वैद्यकाचा धर्म आहे, त्याला कोणी हात लावू नये. पण जी बाई स्वतःचे दुखणे न सांगता आपले ज्ञान सांगते, ती रुग्ण नव्हे, ती जाणकार आहे. तिची इच्छा असेल तर तिचे नाव यायला हवे. दोघींना एकाच 'माहितीदार क्रमांक ४' मध्ये कोंबणे हा गोपनीयतेचा आदर म्हणता येणार नाही.

तपासता न येण्याची अडचण सुटू शकते, आणि ती सोडवण्याचा वस्तुपाठ याच डोंगरांत घालून दिला गेला आहे. १९७२ साली फ्रान्सहून पुण्यात आलेले गी पॉइटवँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी मुळशी-मावळच्या बायकांसोबत जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. काम महाराष्ट्रभर पसरले : लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गायिका. पॉइटवँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहस्थळावर हा ठेवा टप्प्याटप्प्याने प्रकाशित होऊ लागला. प्रत्येक ओवीला क्रमांक आहे. त्यापुढे गाणाऱ्या बाईचे नाव आहे, तिचे गाव आहे, आणि कित्येक ओव्यांचे ध्वनिमुद्रणही. त्यांत बाळंतपण आहे, मूल न होणे आहे, सासरी पडलेले आजारपण आहे. सामुदायिक वैद्यकाच्या विद्यार्थिनीने एखादी ओवी आपल्या निबंधात घेतली तर व्हँकुव्हर मागते ते सगळे तिच्यापाशी तयार आहे. नोंद अशी सुरू होईल : आधी गायिकेचे नाव, मग ओवीचा क्रमांक, गाव, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, ध्वनिमुद्रणाची तारीख, आणि शेवटी 'मराठी'.